मदत हवी आहे: बारावी पास, वय २३, ठेकेदारीतून बाहेर कसं पडायचं? (अमळनेर/जळगाव)

राम राम मंडळी. मी अमळनेरकडचा. (विप्रोच्या शेअरबद्दल विचारू नका. १९४५ ला कंपनी आमच्याकडच्या तेलाच्या कारखान्यातून सुरू झाली हे खरं, गावात शेअरवाले आहेत हेही खरं. आमच्या आजोबांनी शेअरऐवजी बैल घेतला होता.)

बारावी आर्ट्स झालो. एफवायबीए केलं आणि वडिलांचं मणक्याचं दुखणं निघालं. कोरडवाहू कपाशीवर घर चालेना, म्हणून कॉलेज सुटलं. तेव्हापासून हाताला काम नाही असं झालेलं नाही. सावद्याला केळीच्या गाड्या भरल्या, जळगावात पार्सलं वाटली, आता एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटईच्या कारखान्यात आहे. त्यामुळे ‘आजकालच्या पोरांना काम नको’ हे कृपया इथे लिहू नका, ते घरी रोज ऐकतो.

अडचण अशी की मी कुठेच कामाला नाही! कारखाना म्हणतो तू ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार दर काही महिन्यांनी नाव बदलतो. जुना गेटपास जमा करून घेतात आणि नवा देतात. फोटो तोच, वर फर्म दुसरी. पगाराची स्लिप मागितली तर सुपरवायझर म्हणाला, “तुला काय बँकेत दाखवायचीये का?” हो, दाखवायचीच होती, गाडीच्या हप्त्यासाठी.

कागदावर मी ‘हेल्पर’. प्रत्यक्षात एक्स्ट्रूडर (प्लॅस्टिकचा दाणा वितळवून चटईची नळी काढणारं मशिन) मीच बघतो. दाणा ओला असला की नळीत बुडबुडे येतात. ऑपरेटर टेंपरेचर खालीवर करत बसतो, मी आधी गोणी बदलतो. हे काम येतं हे लाइनवर सगळ्यांना माहीत आहे, पण दुसरीकडे मुलाखतीला गेलो की दोनच प्रश्न: आयटीआयचा ट्रेड कुठला आणि अनुभवाचा दाखला कुठाय.

आता मावसभाऊ सुरतला लूमवर बोलावतोय. बारा तासांची पाळी, पैसा इथल्यापेक्षा बरा. गावातली बरीच पोरं उधना-लिंबायतकडेच आहेत, एकटं वाटणार नाही. दुसरीकडे मनात आयटीआय आहे, पण २३ व्या वर्षी घेतात का? आणि दोन वर्षं घर कोण चालवणार? भरतीचं म्हणाल तर सोळाशे मीटर पळणाऱ्यांनी आमचं ग्राउंड पहाटे भरलेलं असतं, त्या गर्दीत मला पडायचं नाही. ‘धंदा टाक’ हा सल्लाही नको. केळी वेफर्सचं दुकान टाकायला लागणारं भांडवल असतं तर हा धागा काढला नसता.

तापीकाठ
भाऊ, तुनी नि मनी गोट एकच शे. मी ३१ चा, भुसावळला. आयटीआयला वयाची वरची अट नाही, १४ पूर्ण लागतात एवढंच. प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो, बारावी कशात केली ते कोणी पाहत नाही. डीव्हीईटीच्या (राज्याचं व्यवसाय शिक्षण संचालनालय) पोर्टलवर दहावीच्या निकालानंतर अर्ज निघतात. शेवटच्या समुपदेशन फेरीत उरलेल्या जागा असतात, तिथे न मागितलेले ट्रेड मिळतात, इलेक्ट्रिशियन सहसा नाही. म्हणून अर्ज पहिल्या फेरीतच.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. रेल्वेच्या अप्रेंटिसला वयाची मर्यादा २४ आहे. ओबीसीला ३ वर्षं, एससी-एसटीला ५ वर्षं सूट. तू दोन वर्षांचा ट्रेड करून बाहेर पडशील तेव्हा २५ उलटलेलं असेल. ओपनमध्ये असशील तर भुसावळच्या रेल्वे शेडची आशा धरून ट्रेड निवडू नकोस. लवकर कमवायचं असेल तर वेल्डर एका वर्षाचा आहे, त्याचा विचार कर.

कपाशीवाला
सुरतला जाऊ नकोस असं म्हणणार नाही, मी तिथे होतो. पैसा मिळतो. फक्त तिथूनही कागद घेऊन कोणी परत येत नाही. तुझी तक्रार कागदाची असेल तर सुरत हे तिचं उत्तर नाही.

नंदुरबारची
दादा, आधी पीएफचं बघा. ठेकेदार कितीही बदलले तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच राहायला हवा. उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या साइटवर ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडा. कोणत्या फर्मकडे कधी लागलात, कधी सुटलात ते तारखांसकट दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट नको, प्रिंट घ्या. तुम्ही नोकरी केली याचा तोच पुरावा, ठेकेदाराच्या हातात नसलेला. पगारातून १२ टक्के कापले आणि तिथे नोंदच नाही असं निघालं, तर ती तक्रार पीएफ ऑफिसला ऑनलाइन करता येते.

कंत्राटी कामगाराने मागितला तर ठेकेदाराने अनुभवाचा दाखला द्यायचा असतो, कायद्यात आहे. तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. माझ्या भावाला पोच मागितल्यावरच दाखला मिळाला. आणि ‘हेल्पर’ लिहून देत असतील तर मशिनचं नाव तरी घालून घ्या.

मूळ धागाकर्ता
ताई, आत्ताच बघितलं. यूएएन दोन निघाले. मधल्या एका फर्मची नोंदच नाही, स्लिप नसल्यामुळे किती कापले तेही सांगता येत नाही. संताप आला, पण निदान कळलं तरी.

तापीकाठ दादा, मी ओबीसी आहे. म्हणजे २७ पर्यंत चालेल. इलेक्ट्रिशियनच मनात आहे. प्रश्न पैशाचा तसाच आहे. नाइट शिफ्ट करून दिवसा आयटीआय जमतं का?

पंपवाला साक्री
जमतं म्हणणारे पहिल्या दिवाळीपर्यंत टिकतात. हजेरी कडक असते आणि प्रॅक्टिकलला डोळा लागला तर बोट जातं. त्यापेक्षा सकाळी आयटीआय, संध्याकाळी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. पैसे कमी, पण शिकतोस तेच काम. मी तसंच केलं.

आता सोलर कृषिपंप बसवतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आल्यापासून आमच्या भागात शेतोशेत पॅनेल दिसतात. बसवणारे पुष्कळ आहेत. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते, त्यामुळे कंट्रोलर बंद पडला की शेतकरी कंपनीला फोन करतो आणि कंपनी माझ्यासारख्याला शोधते. दुरुस्तीवाले कमी आहेत. महावितरणच्या विद्युत सहायकाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड चालतो, तो फॉर्मही भर, पण त्याच्यावर विसंबून राहू नकोस. जाहिरात कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक.

नंदुरबारची
दोन यूएएन असतील तर जुन्यातली रक्कम चालू खात्यात ट्रान्सफर होते. आधी केवायसी बघा. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव अक्षरही इकडेतिकडे असेल तर अडतं. आपल्याकडे निम्म्या पोरांचं वडिलांचं नाव ‘भाऊ’ लावून एकीकडे आणि न लावता दुसरीकडे असतं.

तापीकाठ
ओबीसी असशील तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आत्ताच सेतूत टाक. अर्ज सुटले की तिथे रांग लागते, मग उत्पन्नाचा दाखला अडकतो आणि त्याच्यापायी पहिली फेरी जाते. बीए राहिलं ते नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नंतर कधीही होईल, घाई नाही.

मूळ धागाकर्ता
सोमवारी सेतूत जातो. उत्पन्नाच्या दाखल्याला वडिलांचा सातबारा पुरतो की माझाही पगार दाखवावा लागतो? आणि पंपवाला दादा, अमळनेर-पारोळ्याकडे रिवाइंडिंगचं असं एखादं दुकान माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.