मनीला दूधभात पुरत नाही हो!

"कुत्रा काय नि मांजर काय, दूधभातावर मासळीचं पाणी ओतलं की झालं" असं बरेच जण म्हणतात. हे कुत्र्यापुरतं मला निम्मं पटलं. शिजवलेला भात त्याला पचतो. सोबत अंडं, कोंबडी किंवा मासळी भरपूर हवी आणि कॅल्शियमही, पिल्लाला तर जास्तच. मांजराचं गणितच वेगळं. टॉरिन हे डोळे-हृदयाला लागणारं पोषकद्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, मांस-मासळीतूनच यावं लागतं. कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय फुगून थकतं. हा हृदयाचा संबंध १९८७ साली अमेरिकेत उघडकीला आला, तोही कंपन्यांचं तयार खाणं खाणाऱ्या मांजरांमध्ये! मग कंपन्यांनी टॉरिन वाढवलं.

आमच्या मालवणात मासेवालीची हाक आली की मनी आधी दारात. आई तारलीची मुंडकी कच्चीच टाकायची. तारलीतलं थायमिनेज नावाचं एन्झाइम 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करतं. रोज तेच कच्चं खाल्लं तर मांजर झोकांड्या खायला लागतं. शिजवलं की थायमिनेज निकामी. म्हणून मी मुंडकी बिनमिठाची उकळते, काटे काढते आणि ते पाणीही तिलाच देते, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. मधूनमधून कोंबडीची काळीज-पेटी, नुसती मासळी नाही.

आपल्या ताटातलं तिखलं (मासळीचं तिखट कालवण) मात्र दोघांनाही नको. कांदा-लसणाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. आणि दूध? मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचतच नाही, आमच्या बोक्याने अंथरुणावरच दाखवून दिलं.