मदत हवी: डोक्यात सगळं दिसतं, पण बोलून सांगता येत नाही

फिक्स्चरवाला
सोमवारी रिव्ह्यू आहे, लवकर सांगा. जिग-फिक्स्चर, म्हणजे मशीनवर काम होताना पार्ट पक्का धरणारी साधनं, डिझाइन करतो. कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधीच पार्ट, लोकेटर (पार्टची जागा ठरवणाऱ्या पिना), क्लॅम्प (पार्ट दाबून धरणारा) डोक्यात फिरवून बघतो. पण 'हा क्लॅम्प इथेच का?' असं विचारलं की मधूनच कुठूनतरी बोलायला लागतो. समोरचा म्हणतो, 'नीट सांग.' तोवर माझाच मुद्दा दुसरा कोणीतरी मांडतो. फार त्रास होतो याचा. उपाय?

मृण्मयी_के
बोलायचं कुठल्या भाषेत? आणि चित्र का नाही दाखवत?

अण्णा_सातारकर
रोज पहाटे अग्रलेख मोठ्याने वाचा. माझी जीभ त्यानेच सुटली.

मृण्मयी_के
अण्णा, त्यांचं जिभेवर नाही, क्रमावर अडतंय.

पालक_नाशिक
माझी मुलगीपण व्हिज्युअल लर्नर आहे. तिच्यासाठी स्टेट बोर्ड बरं की सीबीएसई?

निरीक्षक
'व्हिज्युअल लर्नर'ला चित्रांतूनच शिकवावं, याला पुरेसा पुरावा नाही. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते तपासलंय. चित्रांत विचार करणं ही गोष्ट वेगळी, आणि खरी. गुरं हाताळायच्या यंत्रणा डिझाइन करणाऱ्या टेंपल ग्रँडिन तर शब्दांना आपली दुसरी भाषा म्हणतात.

अण्णा_सातारकर
संशोधन राहू द्या हो. सराव केल्याशिवाय कोणालाच बोलता येत नाही.

फिक्स्चरवाला
इंग्रजीत बोलावं लागतं, पण मराठीतही हेच होतं. चित्र दाखवता येत नाही, रिव्ह्यू फोनवर असतो. कस्टमर जर्मनीत.

मृण्मयी_के
अहो, हे आधी सांगायचं ना! ड्रॉइंगवर बलून नंबर (प्रत्येक भागाला गोलातला आकडा) टाकून आदल्या दिवशी मेल करा.
आणि क्रमाचं म्हणाल तर, लिंडे आणि लबाव्ह या भाषाशास्त्रज्ञांनी न्यू यॉर्कच्या लोकांना आपल्या घराची रचना सांगायला लावली होती (१९७५ चा लेख). बहुतेकांनी नकाशा सांगितला नाही, दारातून आत शिरून एकेक खोली दाखवत नेलं. तुमच्याकडे तसा रस्ता तयारच आहे: ३-२-१. आधी पार्ट खाली ज्या तीन पिनांवर बसतो त्या, मग बाजूच्या दोन, मग टोकाची एक. क्लॅम्प त्यानंतर.

डोळे_मिटून
माझं उलट. डोळे मिटले की काहीच दिसत नाही. याला अ‍ॅफँटेशिया म्हणतात, हे नाव २०१५ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट झेमन यांनी दिलं. तुम्हाला खरंच फिरताना दिसतं?

फिक्स्चरवाला
हो, दिसतं. मृण्मयीताई, भावाला फोनवर ३-२-१ने सांगून बघितलं. पिनांपर्यंत त्याला नीट कळलं. पण 'का' विचारलं की मी सोडून दिलेले सगळे पर्याय एकदम समोर येतात. कुठला धरू?

मृण्मयी_के
एकच धरा, आणि त्यात काय बिघडलं असतं तेवढं सांगा. 'क्लॅम्प पिनेच्या बरोबर वर नसता, तर खाली आधार नाही, पार्ट वाकला असता.' झालं उत्तर. बाकीचे त्यांनी विचारले तरच काढा.