‘मीटर बसवलाय, आता साहेब कशाला?’ या पोस्टला उत्तर

मांजराकाठ
कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. म्हणणं असं होतं की साखर कारखान्याच्या आउटलेटला, म्हणजे सांडपाणी बाहेर पडतं तिथं, ऑनलाइन मीटर आहे, दर 15 मिनिटांचा आकडा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरला जातो, तेव्हा अधिकाऱ्यांनी येऊन नमुने घेणं हा जाच आहे, तो बंद करा.

केंद्रीय मंडळाने 5 फेब्रुवारी 2014 ला 17 प्रकारच्या उद्योगांना हे मीटर सक्तीचे केले. साखर आणि डिस्टिलरी दोन्ही त्यात आहेत. सक्ती योग्यच होती. पण मीटर मोजतो काय, ते कुणी बोलत नाही. बऱ्याच ठिकाणी यूव्ही (अतिनील) प्रोब असतो. तो पाण्यात 254 नॅनोमीटरचा प्रकाश सोडतो, किती शोषला गेला ते बघतो आणि आत भरलेल्या सूत्रानं त्याचा सीओडी-बीओडी काढतो, म्हणजे पाण्यातली घाण जिरवायला किती ऑक्सिजन लागेल ते (सीओडी रसायनानं, बीओडी जिवाणूंकडून). साखर तो प्रकाश शोषतच नाही. ज्या कारखान्यातून मुख्यतः साखरच सांडते, तिथं साखर न दिसणारा डोळा लावलाय.

हिशेब बघा. एक किलो साखर म्हणजे सुमारे 1.12 किलो सीओडी, 50 किलोचं पोतं म्हणजे 56. रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्याला टनामागे 200 लिटरनं दिवसाला 10 लाख लिटर सोडता येतं. लिटरला 250 मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर दिवसभराचा सगळा सीओडी 250 किलो. साडेचार पोती साखर पाण्यात गेली की कोटा संपला. पंपाचं ग्लँड गळत राहिलं किंवा पॅनमधला रस वाफेबरोबर कंडेन्सरच्या पाण्यात ओढला गेला, तर एका शिफ्टमध्ये एवढी साखर जाते.

तपासायला मीटर लागत नाही. परीक्षानळीत थोडं पाणी, अल्फा नॅप्थॉलचे दोन-चार थेंब, नळी तिरपी धरून कडेकडेनं तीव्र सल्फ्युरिक आम्ल. दोन थरांच्या मधोमध जांभळी कडी दिसली की साखर आहे. बॉयलरच्या पाण्याची हीच टेस्ट रोज प्रत्येक शिफ्टला होते, कारण ट्यूब गेली तर गाळप थांबतं. गटाराच्या पाण्याचीही व्हायला पाहिजे.

ईटीपी_शिफ्ट
अर्धंच सांगायलात तुम्ही. प्रोब आउटलेटला आहे, इनलेटला नाही. मध्ये एरेशनची, म्हणजे हवा घुसळून जिवाणू पोसायची टाकी आहे आणि जिवाणू सगळ्यात आधी साखरच खातात. आउटलेटपर्यंत साखर आली तर ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आधीच झोपलेला असतो. तेव्हा पाणी गढूळ होतं, टीएसएस (तरंगता गाळ) चढतो, आणि ते मीटरला स्पष्ट दिसतं.

साहेब येतात कधी? दिवसा. एक कॅन भरतात आणि जातात. त्या एका कॅनवर कारखान्यानं मंडळाकडं ठेवलेली बँक गॅरंटी जप्त होते. मीटर रात्री दोनलाही मोजतो. कुणी पाळत ठेवावी याला आमची ना नाही, पण वर्षातल्या दोन-तीन कॅनवर निकाल नको.

मांजराकाठ
रात्रीचा मुद्दा मान्य. पण प्लांट एका तासात झोपत नाही. साखरेचा लोंढा आला की आधी आम्ल तयार होतं, पीएच साडेचार-पाचवर येतो, ऑक्सिजन शून्याला टेकतो. मग धाग्यासारखे जिवाणू माजतात. एक लिटरच्या मोजपात्रात स्लज (टाकीतला जिवाणूंचा गाळ) 30 मिनिटं ठेवून बघा. चांगला असेल तर 300-400 मिलिलिटरवर बसतो, बिघडला की 800 च्या खाली उतरत नाही. टाकी सावरायला आठवडा जातो. तोवर गाळप चालूच, पाणी येतच राहतं. मग प्लांट टाळून पाणी बाहेर काढायचा बायपासचा व्हॉल्व्ह उघडतो आणि मीटर थोड्याशाच पाण्याचे सुंदर आकडे पाठवत राहतो. म्हणून इनलेटचा फ्लो, आउटलेटचा फ्लो आणि एरेटरचं विजेचं मीटर, तिन्ही शेजारी ठेवून बघणारा माणूस पाहिजे.

चाचणीनळी
कॅनवर निकाल नको म्हणता, पण कोर्टात कॅनच चालतो. जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे आधी नोटीस, मालकाच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर नमुन्याचे दोन भाग, दोन्हीला सील, दोघांच्या सह्या. एवढं पाळलं नाही तर अहवाल पुरावा म्हणून उभा राहत नाही.

खरी बोंब नमुना नेण्याची आहे. बीओडीचा कॅन बर्फात 4 अंशाला ठेवून 24 तासांत लावायला हवा. डिकीत गरम झाला तर वाटेतच जिवाणू खायला लागतात आणि आकडा कमी येतो, म्हणजे फायदा कारखान्यालाच. शिवाय आपल्याकडं बीओडी 27 अंशाला 3 दिवसांचा असतो. गुरुवारी लावलेली बाटली रविवारी वाचावी लागते, म्हणून आठवड्याच्या शेवटी नमुने घेणं टाळलं जातं. कारखान्यांनाही ते कळतं.

चिमणीखाली
पाण्यावरच चाललंय सगळं, जालन्याच्या स्टील कारखान्यांचं बोला की. भट्टीच्या चिमणीला धुळीचा मीटर लावला तरी भंगार टाकताना हुड (धूर ओढणारं झाकण) बाजूला सरकवतात आणि धूर छपराच्या फटीतून जातो. चिमणीत गेलाच नाही तर मीटर स्वच्छच दाखवणार. हुड आणि बॅग फिल्टरचा पंखा किती हवा ओढतो ते आधी मोजा, मीटर नंतर.

काळीमाती
सीओडीवरून एवढं भांडायलात, पण आमच्या रानात काय साचतं त्याचं मीटरच नाही. नाल्याला बीओडी 30, जमिनीवर सोडायला 100. म्हणून कारखान्यांना शेत बरं वाटतं. टीडीएसची (विरघळलेल्या पदार्थांची) मर्यादा लिटरला 2,100 मिलिग्रॅम. दहा लाख लिटरात रोज 2.1 टन, 120 दिवसांच्या हंगामात 250 टन. हे कुठं जातं?

आपली काळी जमीन, चिकणमाती 40 ते 60 टक्के, निचरा नाही. सोडियम बसला की ढेकूळ पाण्यात विरघळून चिखल होतो, भेगा बुजतात, पाणी वरच तुंबतं. साडेसात सेंटिमीटरची एक पाळी धरली तर हे पाणी रोज सव्वातीन एकर भिजवतं, पंधरा दिवसांच्या पाळीला 50 एकर लागतात. प्रत्यक्षात पाईप पोचतो त्याच दहा एकरांत हंगामभर सोडतात.

ईटीपी_शिफ्ट
टीडीएस म्हणजे मीठ नव्हे, भाऊ. त्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थही येतात, आणि उसातून आलेलं पोटॅश उसालाच लागतं. 250 टन मीठ रानात ओतलं असं चित्र रंगवू नका. त्यानं शेतकरी घाबरतो आणि उन्हाळ्यात हाताशी असलेलं पाणी नको म्हणतो. मराठवाड्यात पाणी नको म्हणणं कुणाला परवडतं?

काळीमाती
पोटॅशचं खरं. सोडियमचं काय? इव्हॅपोरेटरच्या ट्यूबवरची खपली काढायला कॉस्टिक उकळतात. 100 किलो कॉस्टिकमध्ये 57 किलो सोडियम. ते पाणी एका झटक्यात ईटीपीत येतं, पीएच चढतो, जिवाणू मरतात, आणि सोडियम जसाच्या तसा शेतात. तो कुठल्याच टाकीत कमी होत नाही. घाबरवत नाही कुणाला, एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) मोजा एवढंच मागतोय.

ईटीपी_शिफ्ट
कॉस्टिकच्या पाण्याला वेगळी टाकी पाहिजे आणि ते थोडं थोडं सोडलं पाहिजे, हे मान्य करावंच लागेल. जिवाणूही त्यानंच वाचतात. पण ते काम ज्या शिफ्टला सांगता तिला युरिया-डीएपीसुद्धा मागून मिळत नाही. साखरेच्या पाण्यात नत्र-स्फुरद फारच कमी असतो. बीओडी 100 ला नत्र 5, स्फुरद 1 द्यावा लागतो. तो नाही दिला की स्लज फुगतो आणि मग आम्हाला बोल.

मांजराकाठ
त्याचा दोष ऑपरेटरला देऊच नये, खरेदी वर अडते. आता साठवणीचं घ्या. सिंचनाला मागणी नसेल तेव्हा 15 दिवसांचं पाणी न झिरपणाऱ्या तळ्यात ठेवायचं, असं साखरेचं मानक सांगतं. 5,000 टनाला 1.5 कोटी लिटर. तीन मीटर खोल धरलं तरी सव्वा एकर तळं. ते अस्तरासकट आहे का, हे बसल्या जागी कळत नाही. जाऊनच बघावं लागतं.

काळीमाती
आणि जाताना तळ्याच्या खालच्या अंगाच्या दोन विहिरी, वरच्या अंगाची एक. नमुना ऑक्टोबरात, गाळप सुरू व्हायच्या आधी. नाहीतर फेब्रुवारीत पाणी खारट झालं तर तुलना कशाशी करणार? आउटलेटला ईसीचा (क्षार दाखवणाऱ्या विद्युतवाहकतेचा) प्रोबही लावा, कॉस्टिकचं पाणी सुटलं की त्याच पंधरा मिनिटांत आकडा उडी मारतो.

ईटीपी_शिफ्ट
लावा ईसी प्रोब, विरोध नाही. पण प्रोबवर शेवाळ चढतं, रोज पुसायला आणि ठरावीक दिवसांनी प्रमाणित द्रावणात तपासायला माणूस कोण देणार तेही लिहा.

मांजराकाठ
मग कन्सेंटच्या, म्हणजे मंडळाच्या परवान्याच्या अटीतच ईटीपीला प्रत्येक शिफ्टला एक केमिस्ट लिहा, आणि अल्फा नॅप्थॉलचं रजिस्टर त्याच्याकडं द्या. इनलेटला कडी दिसली की वेळ टाकायची आणि पाणी थेट एरेशनला न पाठवता इक्वलायझेशन टाकीत (पाणी साठवून एकसारखं करायच्या टाकीत) अडवायचं. साहेब आले की मीटरचा आलेख आणि ते रजिस्टर, दोन्ही एकाच वेळेला उघडून बघतील.