प्रतिसाद: प्रेशर वॉशरमध्ये कोणता साबण घालावा?

वर एकांनी सांगितलंय की कपड्याची पावडर गरम पाण्यात घोळून प्रेशर वॉशरच्या, म्हणजे दाबानं पाणी मारणाऱ्या मशीनच्या टाकीत ओता, स्वस्तात काम होतं. भावा, होतं खरं, पण दोन-तीनदाच! न विरघळलेले कण साबण ओढणाऱ्या बारीक छिद्रात बसतात आणि मग साबण यायचाच बंद. मी हा उद्योग करून बसलोय. द्रवरूपच घ्या, तेही प्रेशर वॉशरसाठी चालेल असं बाटलीवर लिहिलेलं.

ब्लीच मात्र पंपातून अजिबात नको, आतले रबरी सील आणि ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या गोल रबरी कड्या) खातं. पावसाळ्यात आपल्या कोल्हापुरात अंगण शेवाळून निसरडं होतं, तेव्हा हात ब्लीचकडे जातोच. वापरायचंच असेल तर पातळ करून वेगळ्या फवाऱ्यानं मारा, मशीननं फक्त धुवा. आणि शहाबादी फरशीवर ॲसिड नको. तो चुनखडीचा दगड, ॲसिडनं फेसाळतो आणि कायमचा खरखरीत होतो.

गाडीला पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा शांपू. ट्रॅक्टरच्या ग्रीसला डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव) लागतो, पण तो रंगावर वाळू देऊ नका.

अजून एक. बऱ्याच मशीनमध्ये साबण कमी दाबाचं नोझल (पाणी बाहेर पडतं ते तोंड) लावलं तरच ओढला जातो. जास्त दाबाचं लावून ‘साबण येईना’ म्हणत मेकॅनिक गाठणारे आमच्या गल्लीतच दोघं निघाले! साबण खालून वर मारायचा, म्हणजे ओघळांचे पट्टे पडत नाहीत. धुताना वरून खाली. काम झालं की साधं पाणी ओढून नळी साफ करा.