बॅरेंट्स समुद्रातील रिगवर हिवाळी नेमणूक : तुषारांच्या बर्फाबाबत सल्ला हवा

धागाकर्ता : नमस्कार. मुंबई हायवर नऊ वर्षे मेंटेनन्सचे काम केल्यानंतर येत्या जानेवारीत मी नॉर्वेच्या उत्तरेस, बॅरेंट्स समुद्रातील एका सेमी-सबमर्सिबल रिगवर (अंशतः पाण्यात बुडून तरंगणाऱ्या, तेलविहीर खोदण्याच्या मंचावर) रुजू होत आहे. पावसाळी उधाण आणि खाऱ्या हवेचा गंज एवढाच अनुभव माझ्या गाठीशी आहे. लाटांचे तुषार लोखंडावर गोठू लागले, तर आधी कुठे लक्ष द्यावे आणि कोणती साधने वापरावीत?

प्रतिसाद १ : मी त्या भागात दोन हिवाळे काढले आहेत. समुद्राचे पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. हवा त्याहून बरीच थंड झाली आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटरच्या पुढे गेला, की सावध व्हावे. ताजा थर दुधाळ आणि काहीसा मऊ असतो, कारण त्यात न गोठलेले खारट पाणी अडकलेले असते. ते निथळून गेले, की तोच थर फोडताना हात भरून येतात. म्हणून कठड्यावर बोटभर बर्फ दिसताच लाकडी मोगरी हाती घ्यावी. लोखंडी हातोड्याने पाइपांवरच्या तापवणाऱ्या केबली तुटतात. लाइफबोटींचे हुक, सुटकेच्या वाटा आणि अग्निशमनाचे व्हॉल्व्ह आधी मोकळे करावेत, बाकीचे डेक नंतर.

धागाकर्ता : आभारी आहे. गरम पाणी मारले तर चालेल का?

प्रतिसाद १ : पाणी वाहून जायला वाट असेल तरच. डेकवरील निचऱ्याची तोंडे बुजलेली असतील, तर तेच पाणी पायाखाली पुन्हा गोठते.

प्रतिसाद २ : वजनाकडेही दुर्लक्ष करू नये. १९७९-८० च्या हिवाळ्यात अलास्कातील कुक इनलेटमध्ये ओशन बाउंटी या रिगवर सुमारे ५०० टन बर्फ साचला होता. डेकखालच्या खांबांवर आणि आडव्या-तिरप्या नळ्यांवर साचणारा बर्फ वरून दिसत नाही, त्यामुळे रिग पाण्यात किती बसली आहे याची नोंद प्रत्येक पाळीत पाहावी. खरी काळजी मात्र सामान आणणाऱ्या बोटींची वाटते, कारण त्या बुटक्या असतात आणि नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) लाट फुटली की सगळे तुषार त्यांच्याच अंगावर येतात. जानेवारी १९५५ मध्ये आइसलँडच्या उत्तरेस लोरेला आणि रॉडेरिगो हे इंग्लंडमधील हल बंदराचे दोन ट्रॉलर (मासेमारी जहाजे) अशाच बर्फाच्या भाराने उलटले आणि ४० जण गेले. बोटीला क्रेनखाली बोलावण्यापूर्वी तिच्यावर किती बर्फ आहे, हे रेडिओवर जरूर विचारावे.