जुन्या गाडीचा हॉर्न कधी वाजतो, कधी नाही

अ-२०३: नमस्कार मंडळी. माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीचा हॉर्न आठवडाभर त्रास देत आहे. स्टीअरिंग डावीकडे वळवले की हमखास वाजतो, सरळ केले की मुका होतो. फ्यूज काढून पाहिला, शाबूत आहे. नवा हॉर्न बसवावा का?

क-५०१: काका, एवढ्यात हॉर्न बदलू नका. कोणाला तरी बटण दाबायला सांगून फ्यूजबॉक्सजवळ कान द्या. रिलेचा, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर हॉर्नला वीज जोडणाऱ्या छोट्या स्विचचा, ‘टक्’ असा आवाज आला, तर बटणापासून रिलेपर्यंत सगळे ठीक असते आणि दोष रिलेच्या आतील पॉइंटमध्ये, पुढच्या वायरीत, हॉर्नमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये (गाडीच्या सांगाड्याशी असलेल्या जोडणीत) शोधावा लागतो.

ब-१०४: माझ्या गाडीत अर्थिंगच गेले होते. बॅटरीवरून थेट वायर जोडली की हॉर्न खणखणीत वाजायचा, एरवी घोगरा. बोल्टखाली गंजाचा थर साचला होता. पॉलिशपेपरने घासून तो पुन्हा आवळला आणि काम झाले.

अ-२०३: आताच पार्किंगमध्ये पाहून आलो. हॉर्न वाजतो तेव्हा ‘टक्’ ऐकू येते, वाजत नाही तेव्हा रिलेही गप्प असतो.

क-५०१: म्हणजे रिलेपर्यंत बटणाचा इशाराच पोहोचत नाही. स्टीअरिंग वळवल्याने फरक पडतो, त्यावरून माझा संशय क्लॉक स्प्रिंगवर आहे. स्टीअरिंगमागच्या डबीत गुंडाळलेली ती चपटी केबल वर्षानुवर्षे वळून वळून आतून तुटते आणि विशिष्ट कोनातच तिची टोके एकमेकांना टेकतात. मीटरवर एअरबॅगचा दिवा लागलेला राहतो का?

अ-२०३: हो, परवापासून विझतच नाही. त्याचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नव्हते.

क-५०१: संबंध आहे, कारण चालकाच्या एअरबॅगची जोडणीही त्याच केबलमधून जाते. हॉर्नपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण अपघातात ती एअरबॅग उघडेलच याची खात्री उरलेली नाही. कृपया स्टीअरिंगचे पॅड घरी उघडू नका आणि एअरबॅगच्या कनेक्टरला मल्टिमीटरही लावू नका. जाणकार मेकॅनिक आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटे थांबेल. नवी स्प्रिंग बसवताना चाके सरळ आणि स्प्रिंग बरोबर मध्यावर हवी, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणाला केबल ताणून तुटेल. एवढे त्याला आवर्जून विचारा.

अ-२०३: उद्या सकाळीच दाखवतो. तोवर गाडी बाहेर काढणार नाही.