“शुद्ध कडकनाथ” म्हणून आणलेल्या पिल्लांत पिवळ्या पायांची निघाली. पैदाशीला कोणती ठेवू?

सीनाकाठ (ता. मोहोळ, सोलापूर)
नमस्कार मंडळी. खासगी हॅचरीतून कडकनाथची 100 आणि गावरान म्हणून 50 पिल्ली घेतली आहेत. वय आता पाच आठवडे. कडकनाथमधल्या काहींचे पाय पिवळट आहेत, सात-आठ पिल्लांच्या डोक्यावर सुरुवातीला पांढरा ठिपका होता आणि दोघांना पायाला पाच बोटं आहेत. गावरानची सगळी फिकट पिवळी आली होती. पुढे यांचीच अंडी उबवायची आहेत. कोणती ठेवू, कोणती विकू?

तलंगवाला
दादा, पिसांच्या रंगावर अजिबात जाऊ नका. ऑस्ट्रेलॉर्प ही परदेशी जातही काळीच असते. पिल्लू हातात घ्या, पंखाखालची आणि पोटावरची पिसं फुंकर मारून बाजूला करा आणि कातडी बघा. कडकनाथची कातडी काळपट-निळसर असते, ऑस्ट्रेलॉर्पची पांढरट-गुलाबी. मग अंगठ्याने चोच हळूच उघडून जीभ आणि टाळू बघा. पाच आठवड्यांत जीभ करडी दिसली तरी चालेल, पुढे गडद होते. पण स्वच्छ गुलाबी असेल तर ते पिल्लू बाजूला काढा. पायाचा तळवा आणि नखंही तपासा.

डोक्यावरचा पांढरा ठिपका ही पट्टेरी पिसांच्या जातीच्या भेसळीची खूण आहे. अंगावर आडवे पट्टे यायला लागले असतील, बघा. पाचवं बोट कडकनाथला नसतं. काळी कातडी आणि पाच बोटं एकत्र दिसली तर सिल्की या मऊ पिसांच्या परदेशी जातीचं रक्त समजा. पायावर पिसं किंवा डोक्यावर झुबका असेल तर शंकाच नको. तुरा वाटाण्यासारखा, तीन बुटक्या रांगांचा असेल तर असील या झुंजीच्या जातीची भेसळ. कडकनाथचा तुरा एकेरी आणि दातेरी असतो.

पाठीवर फिकट किंवा सोनेरी रेघा असलेली पिल्ली मात्र घाईने काढू नका. कडकनाथमध्ये पूर्ण काळा, पेन्सिल्ड (फिकट रेघांचा) आणि गोल्डन (सोनेरी छटेचा) असे तीन प्रकार आहेतच.

रानवाट
वरचं सगळं बरोबर, पण या तपासण्यांनी भेसळ पकडता येते, शुद्धता सिद्ध होत नाही. काळ्या कातडीचं जनुक प्रभावी आहे. आई-बापांपैकी एकाकडून आलं तरी पिल्लू काळं होतं. त्याला अडवणारं दुसरं जनुक पिवळ्या पायांच्या जातींत असतं आणि ते लिंगाशी जोडलेलं आहे, म्हणजे आईकडून ते फक्त नर पिल्लांना मिळतं. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड) कोंबडी असा संकर केला की माद्या जवळपास अस्सलसारख्या काळ्या निघतात, नर फिके. तुमच्या लॉटमध्ये तलंगा (तरुण माद्या) काळ्याभोर आणि नरांचे पाय-तुरे फिके असतील, तर बाप कडकनाथ आणि आई दुसरीच. अशा लॉटमधल्या काळ्या तलंगाही पैदाशीला धरू नका. सगळे फसतात ते याच तलंगांवर. अस्सल नराचा तुरा वयात आल्यावर जांभळट होतो, त्याला बाद करू नका.

वजन हा दुसरा पुरावा. अस्सल कडकनाथ 20 आठवड्यांत जेमतेम 900 ग्रॅम ते किलोभर भरतो. तीन महिन्यांत दीड किलो झाला तर आनंद मानू नका, तो संकर आहे.

निवडलेला नर वयात आल्यावर करड्या-निळसर पायांच्या गावरान कोंबड्यांवर वेगळा सोडून बघा. पिवळ्या पायांच्या घेतल्या तर चाचणीच फसते. नराला काळं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल तर साधारण निम्मी पिल्ली उजळ कातडीची निघतील. अशा नरापासून सलग दहाच्या दहा काळी निघण्याची शक्यता हजारात एक.

सीनाकाठ
नर फिकेच दिसताहेत. म्हणजे लॉटच संकर? आणि गावरानचं काय?

तलंगवाला
सगळे नर फिके असतील तर हा लॉट विक्रीलाच ठेवा. पैदाशीसाठी झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणाहून नवी पिल्ली आणा आणि बिलावर जात लिहून घ्या.

गावरान एका रंगाची नसतात. तपकिरी, काळी, पट्ट्यांची अशी मिसळ असते. सगळी फिकट पिवळी असतील तर लेयर (अंड्यांच्या जातीच्या) हॅचरीतले नर असू शकतात. आता तुरे बघा: पन्नासही जणांचे लाल होऊन वाढायला लागले असतील तर सगळे कोंबडेच, अंडी विसरा. उलट पाय जाड आणि आठ आठवड्यांत वजन किलोच्या आसपास गेलं, तर रंगीत ब्रॉयलर. गावरानसारख्या दिसणाऱ्या वनराजा, ग्रामप्रिया या सुधारित कोंबड्याही संकरच. सोलापूरहून जवळ पडतं ते हैदराबादचं कुक्कुट संशोधन संचालनालय, तिथे या दोन्ही विकसित झाल्या. पाळायला छान, पण घरी अंडी उबवली की पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

रानवाट
एक राहिलं. नको असलेला नर काढला तरी कोंबडीच्या पोटात त्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणून तीन आठवड्यांची अंडी खायला किंवा विकायला काढा, त्यानंतरचीच उबवणीला धरा. आठ-दहा तलंगांना एक नर पुरे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करून ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात ठेवा, चार-पाच दिवसांच्या आत उबवायला बसवा. खोलीत उष्मा वाढला की गर्भ अर्धवट वाढून मरतो.